गावासकट हजेरी

मिडलंडचा सिग्नल आला तरी विदाद थांबेना. लॉरेन्स अव्हेन्यूच्या फुटपाथवर ती माझ्या पुढे चालली होती, कोटाची बटणं न लावता, आणि मी तिच्या मागे जवळजवळ पळत होते. मार्च सुरू झालेला. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग काळे पडलेले, मिठाने बूट पांढरे झालेले. प्रत्येक बसस्टॉपवर मी म्हणत होते, "अगं, बस येतेय." शेवटी ती वळली आणि म्हणाली,

"सुनंदा, मी आत्ता बसमध्ये चढले तर कुणाला तरी चावेन. आणि माझा रोजा आहे."

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती परत चालायला लागली.

मी पण उपाशीच होते. संकष्टी होती. ती सूर्य बुडायची वाट बघत होती आणि मी चंद्र उगवायची. दोघींची घरं मार्कहॅम रोडच्या पलीकडे, म्हणजे अजून बरंच चालायचं होतं. माझं वय सहासष्ट, गुडघा एक खराब. पण त्या दिवशी तिला एकटं सोडणं शक्यच नव्हतं. तासाभरापूर्वी हॉलच्या बोर्डाने तिच्या शाळेला सांगितलं होतं की शाळा चालवा, पण मुलांना गावाचं नाव विचारू नका. विचारायचं असेल तर उद्यापासून खोली मिळणार नाही.

आता हे पहिल्यापासून सांगते.

इथे कॅनडात, स्कारबरोत, वॉर्डन रस्त्याजवळ एक कम्युनिटी हॉल आहे. नाव लिहीत नाही. शनिवारी सकाळी तिथली एक खोली आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या बायकांना भजनासाठी मिळते. कॉरिडॉरच्या पलीकडे विदादची शाळा. पॅलेस्टाइनच्या मुलांची, शनिवारपुरती. दारावर तिने स्वतःच्या हाताने कागद लावलेला, अरबीत आणि इंग्रजीत: पॅलेस्टाइन शनिवार शाळा. आम्ही तिकडे बघायचोही नाही. आपण बरं, आपलं भजन बरं.

एका शनिवारी आमचं ऐन रंगात आलेलं, आणि दार धाडकन उघडलं. दारात ही. उंच, रुंद, केस मेंदीने लाल केलेले, हातात खडू.

"तुमचा देव बहिरा आहे का?" तिने इंग्रजीत विचारलं.

मी म्हटलं, "देव नाही बहिरा. पण तुमची पोरं अशी ओरडतात की त्याला आमचं काही ऐकूच येत नाही. म्हणून टाळ जोरात वाजवावे लागतात."

ती म्हणाली, "बरोबर आहे. ओरडतात. या, बघायला या का ओरडतात ते."

मी उठून गेले. माझ्या मैत्रिणी आजही म्हणतात, तू भांडायला गेलीस आणि तिकडचीच झालीस.

तिथे हजेरी चालली होती. मी मराठी शाळेत शिकलेली बाई. हजेरी म्हणजे काय ते मला माहीत आहे: नाव घेतलं की हात वर, "हजर बाई", की पुढचं नाव. इथे वेगळं होतं. विदाद मुलाचं नाव घ्यायची आणि थांबायची. मूल उभं राहायचं आणि आपल्या गावाचं नाव सांगायचं. गळा फाडून. नाब्लस! जेनिन! गाझा! इम्वास! लिफ्ता! स्कारबरोच्या हॉस्पिटलात जन्मलेली पोरं, एरवी एकमेकांशी इंग्रजीत बोलणारी, आईने अरबीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. आमच्या पोरांसारखीच. पण या एका शब्दाला छाती फुगायची. काहींनी ते गाव फोटोतसुद्धा पाहिलेलं नाही. काही गावं तर आता उरलेलीच नाहीत, पाडून टाकली. मुलगी उभी राहते, त्या गावाचं नाव घेते, खाली बसते. बास. मग बाराखडी सुरू.

आणि एकाही मुलाजवळ दप्तर नव्हतं. सगळ्यांच्या वह्या किराण्याच्या पिशव्यांत. मी विचारलं, बाई गं, दप्तरं का नाहीत? ती म्हणाली, "सवय. माझी. त्यांची नाही."

ही सवय कुठून आली ते मला कळायला वर्ष गेलं. ती एका दमात सांगणारी नाही. भेंडी चिरताना थोडं, पार्किंगमध्ये गाडी अडकली तेव्हा थोडं. गाडी ती इतकी वाईट चालवते की तिच्याबरोबर गेलं की गणपतीचं नाव आपोआप तोंडात येतं.

ती हेब्रॉनच्या दक्षिणेकडच्या डोंगरातली. गावाचं नाव वादी तीन, म्हणजे अंजिरांची दरी. ती लहान असतानाच तिथे लष्कराचा अंमल आला आणि अजून उठलेला नाही. शिकून ती शहरात गणिताची मास्तरीण झाली आणि वर्षाच्या आत, अठ्ठ्याऐंशी साली, तिकडे लोक उठले आणि लष्कराने शाळाच बंद केल्या. सगळ्या. पहिलीच्या पोरांच्यासुद्धा. महिन्यांवर महिने. तेव्हा बायकांनी घराघरांत वर्ग सुरू केले. मग त्यालाही बंदी आली. घरात मुलांना भागाकार शिकवायचा, तर गुन्हा.

"भागाकार!" ती मला म्हणाली होती, भेंडीचा देठ उडवत. "बेरजेला घाबरले असते तर मी समजू शकले असते. आम्ही जास्त होऊ म्हणून. भागाकाराला काय घाबरायचं?"

म्हणून दप्तर नाही. दप्तर घेऊन पोरगं रस्त्यात दिसलं की अडवत. मग वही पावाच्या टोपलीत, पुस्तक पालकाच्या जुडीखाली. घरात प्रत्येकाच्या मांडीवर शेंगांचं ताट. शिपाई आले की सगळे शेंगा सोलतायत. फळा म्हणजे तिच्या आईच्या कपाटाचं दार: आतल्या बाजूला लिहायचं, चाहूल लागली की बंद करायचं.

आणि हजेरीचा कागद नाही. कागद सापडला तर सगळ्या घरांवर धाड. नावं तोंडपाठ ठेवायची. "पण माझ्याकडे महंमदच पाच होते," ती म्हणाली. "कोणता महंमद? मग गाव विचारायचं. निर्वासितांच्या कॅम्पातली पोरं होती, त्यांच्या आजोबांची गावं वेगवेगळी. लिफ्ताचा महंमद, इम्वासचा महंमद. एवढंच होतं ते. सोयीसाठी. त्या पोरांना ते नाव घ्यायला इतकं आवडायला लागलं की मग मी मुलींनाही विचारायला लागले."

एक दिवस शिपाई आले ते थेट कपाटाकडेच गेले. कुणीतरी सांगितलं असणार. एकाने दार उघडलं. आत भागाकार. त्याने तिला तिच्याच डोक्यावरच्या रुमालाने तो पुसायला लावला, मुलांसमोर. मग तिला घेऊन गेले. किती दिवस ठेवलं, काय विचारलं, ते ती सांगत नाही आणि मी विचारलेलं नाही. एकदाच म्हणाली होती, उठताना मांडीवरच्या शेंगा सांडल्या आणि एक पोरगी खाली बसून त्या गोळा करायला लागली, जशी काही शेंगांचीच काळजी होती.

मी हे ऐकून घरी आले, देवासमोर दिवा लावला आणि हात जोडले तर देवावरच राग आला. आपल्याकडे सरस्वतीचं चित्र पाटीवर काढून मुलाला शाळेत घालतात. कुठल्या देवाच्या राज्यात बाईला तिच्या रुमालाने पाटी पुसायला लावतात?

नवऱ्याबरोबर ती कॅनडात आली. तो औषधांच्या दुकानातला, इथे टॅक्सी चालवायचा, आता तो हयात नाही. मुलगा नासेर कॅलगरीला, महिन्यातून एकदा फोन करतो आणि तिची बोलणी खातो. तिने इथल्या शाळेत मास्तरकीसाठी अप्लाय केलं, पण तिची कागदपत्रं चालली नाहीत. मग शाळेच्या लंचरूममध्ये मुलांवर लक्ष ठेवायची नोकरी. "दुसऱ्यांच्या मुलांचे डबे उघडून देते," ती म्हणते. "शनिवारी आपल्या मुलांची डोकी उघडते." डायबेटीस आहे, तरी चहात साखर घालते. कॅनडात तिला सगळ्यात जास्त राग येतो तो 'सॉरी' या शब्दाचा. म्हणते, पायावर पाय ठेवतात आणि सॉरी म्हणतात; पण पाय उचलत नाहीत.

तर आता या वर्षीचं. वादी तीनमध्ये तिची भाची हनान शिकवते. तिथे शाळा होती, पत्र्याच्या छपराची, चार खोल्यांची. परवाना नाही म्हणून पाडली. परवाना मागितला तर मिळत नाही, आणि नाही म्हणून पाडायची. मग हनानने तंबू टाकला. तंबू उचलून नेला. आता ती घराच्या ओसरीवर शिकवते. तिच्या मावशीची पद्धत, अडतीस वर्षांनी, तीच. फक्त पावाच्या टोपलीच्या जोडीला एक मोबाइल आहे. शनिवारी आमच्याकडे सकाळचे दहा वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळ असते. हनान तिच्या मुलांची हजेरी रेकॉर्ड करून पाठवते. विदाद तो आवाज वर्गात लावते. तिकडची पोरं गावाचं नाव सांगतात, इकडची ऐकतात. मग इकडची हजेरी तिकडे जाते. तिकडच्या मुलांना वाटतं, आपलं छप्पर गेलं तरी आपल्या गावाचं नाव घेणारी शाळा लांब कुठेतरी बर्फात चालू आहे. एकदा इथे बर्फामुळे हॉल बंद होता आणि आवाज गेला नाही, तर हनानचा निरोप आला: मुलं विचारतायत, तुमचीही पाडली का?

आणि या हजेरीवर तक्रार आली. कुणी केली ते बोर्ड सांगत नाही. गावांची नावं ऐकून कुणाला तरी 'अस्वस्थ' वाटलं. म्हणून त्या शुक्रवारी दुपारी मीटिंग. मी भजनी मंडळाची म्हणून गेले. आमच्या मंडळाचे नंदू दर्यापूरकर हॉलच्या बोर्डावर आहेतच. नंदूभाऊ सॉफ्टवेअरमधले, नुकतेच रिटायर झालेले, गणपतीत डेकोरेशन छान करतात. वाईट माणूस नाही. आणि म्हणूनच मला जास्त राग येतो.

चेअरमनबाई गोड बोलणाऱ्या, गळ्यात मोत्यांची माळ. त्या म्हणाल्या, आम्हाला तुमची शाळा हवीच आहे. अरबी शिकवा, गाणी शिकवा, खाण्याचे पदार्थ करा, किती छान असतात. फक्त दारावरचं नाव 'अरबी भाषा वर्ग' करा, आणि ती हजेरी नको. नुसती मुलांची नावं घ्या.

विदाद उभी राहिली. "अरबी भाषा बावीस देशांत बोलतात," ती म्हणाली. "माझी मुलं बावीस देशांची नाहीत."

एकजण म्हणाला, तुमच्या वर्गात कुणाच्या धर्माविरुद्ध बोललं जातं का?

"माझी शाळा बंद केली ती लष्कराच्या हुकमाने," ती म्हणाली. "कुणाच्या देवाने नाही. माझं डोळ्यांचं ऑपरेशन केलं ते डॉक्टर ज्यू आहेत, त्यांना मी ईदला खजूर भरलेली बिस्किटं, मामूल, पाठवते. तुम्ही मला शिकवू नका कुणाशी कसं वागायचं ते. मी मुलांना विचारते, तुझं गाव कोणतं. एवढंच विचारते."

मग मी उठले. मला इंग्रजीत भाषण येत नाही. मी म्हटलं, "माझं नाव मंगरूळकर. मंगरूळ गावाचं नाव आहे. तुमच्या बोर्डावर हे बसलेत दर्यापूरकर, दर्यापूरचे. आमच्यात अर्ध्या लोकांच्या नावात गाव आहे आणि तुम्ही ते दर शनिवारी रजिस्टरवर लिहून घेता. ते काढू का?"

चेअरमनबाई हसल्या. "ते वेगळं आहे, सुनंदा."

"काय वेगळं आहे?"

त्या परत हसल्या. मी नंदूभाऊंकडे बघितलं. ते फोनकडे बघत होते. मग हात वर करायची वेळ आली तेव्हा बाकीच्यांबरोबर त्यांचाही हात वर गेला. खांद्यापर्यंत, धड वर नाही आणि धड खाली नाही.

त्यानंतर आम्ही चालायला लागलो.

ब्रिमलीचा सिग्नल ओलांडला तेव्हा माझा फोन वाजला. नंदूभाऊ. हात गारठलेले, म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"सुनंदाताई, काय हा सीन क्रिएट केलात तुम्ही! माझं नाव मध्ये कशाला आणलंत?"

"तुमचं नाव मी नाही आणलं. तुमच्या खापरपणजोबांनी आणलंय."

"बी प्रॅक्टिकल. आपली रूम सेफ आहे. गणपतीचं बुकिंग कन्फर्म व्हायचंय. आपण इथे पाहुणे, आपल्याला काय करायचंय त्यांच्या भानगडीत?"

"भाऊ, तुम्ही तीस वर्षं टॅक्स भरताय. अजून पाहुणे? मग जेवून घरी कधी जाणार?"

"तुम्ही फार इमोशनल होता."

"होते. तुमची नात मराठी शाळेत जाते ना? उद्या कुणी म्हणालं, मराठी शिकवा पण महाराष्ट्र म्हणू नका, तर?"

"तसं कोण म्हणणार आहे?"

"तेच म्हणतेय मी. तुम्हाला कुणी म्हणणार नाही म्हणून तुम्ही हात वर केलात."

त्यांनी फोन ठेवला. विदादने विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याच्या हाताला काय झालंय? नीट वर का नाही गेला?"

"लाज वाटत असेल."

"लाज वाटत असेल तर खिशात ठेवावा."

इथे मला वाटलं, आता ती जरा निवळली आहे, बोलून घ्यावं. माझ्या डोक्यात मीटिंगपासून एक युक्ती घोळत होती. मी म्हटलं, "विदाद, ऐक. उद्या तुझी खोली बंद. पण माझी चालू आहे. तू सगळ्यांना घेऊन माझ्या खोलीत ये. रजिस्टरवर भजन लिहू. आम्ही टाळ वाजवू, जोरात, आणि त्या आवाजात तू हजेरी घे. कुणाला काही ऐकू जाणार नाही. कोण बघायला येतंय?"

ती थांबली. फुटपाथच्या मधोमध. मागून येणारा एक मुलगा तिला धडकता धडकता वाचला आणि सॉरी म्हणाला, आणि ते अगदी चुकीच्या वेळी म्हणाला.

"तू मला कपाटात घालतेस?" तिने मला विचारलं.

"अगं, तसं नाही—"

"तसंच आहे! बंदूक होती तेव्हा मी लपले. शिपाई दारात होता तेव्हा शेंगा सोलल्या. इथे कोण आहे? एक बाई, मोत्यांची माळ घातलेली, मला चहा विचारते आणि म्हणते तुझं गाव सांगू नकोस. हिच्यासाठी मी लपू? हनान तिकडे ओसरीवर लपते, तिला इलाज नाही. मी स्कारबरोत लपले तर तिला काय सांगू? की इथेही तेच?"

मला वाईट वाटलं. राग पण आला. मी मदत करायला बघतेय आणि ही माझ्यावरच! मी म्हटलं, "तू मला ओरडू नकोस. लपून शिकणं काय असतं ते मला नको सांगूस. माझे वडील तसेच शिकले."

"काय?"

मग मी सांगितलं. वडील परभणी जिल्ह्यातल्या वालूरचे. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य. वरच्या वर्गात सगळं उर्दूत, मराठी शाळा काढायची तर परवानगी लागे आणि ती मिळत नसे. गावातल्या एका मास्तरांनी मारुतीच्या देवळात संध्याकाळी आरतीनंतर भजन ठेवलं. नाव भजन, आत मराठीचं व्याकरण. बाहेर पोलीस पाटलाचा माणूस फिरकला की सगळे टाळ कुटायला लागायचे. वडिलांचा उर्दूवर राग नव्हता. शेवटपर्यंत शेर म्हणायचे, चांगले म्हणायचे. राग होता तो परवानगी मागायला लावणाऱ्यांवर. "म्हणून मला भजन सुचलं," मी म्हटलं. "आमच्या घरात ती पद्धतच आहे. तुला कमी लेखायला नाही सुचलं."

ती चालायला लागली, पण आता माझ्या बरोबरीने. माझ्या गुडघ्याकडे बघून सावकाश. तिने विचारलं, "मग मोठे झाल्यावर तुझ्या वडिलांनी काय केलं? भजन?"

"नाही. राज्य गेल्यावर शाळेत मास्तर झाले. वालूरलाच."

"दारावर बोर्ड होता?"

मला ती पाटी दिसली. वडिलांनी स्वतः रंगवलेली, निळ्यावर पांढरी, आणि अक्षरं इतकी मोठी की आई म्हणायची, अहो, शाळा आहे की सर्कस?

"होता," मी म्हटलं. "वेशीपासून वाचता यायचा."

"बघ," विदाद म्हणाली. बास, एवढंच म्हणाली.

चालता चालता मी मनात नंदूभाऊंशी भांडत होते, त्या माळेवाल्या बाईशी भांडत होते, आणि खरं सांगायचं तर तिकडच्या त्या सरकारशी, ज्याला माझं नाव माहीत असायचं कारण नाही. कसले हे लोक! रणगाडे आहेत, विमानं आहेत, आणि पत्र्याच्या चार खोल्या पाडायला बुलडोझर पाठवतात. तंबू उचलून नेतात. सहा वर्षांच्या पोरीच्या तोंडातल्या गावाच्या नावाला घाबरतात. आणि ते तिकडे घाबरतात ते घाबरतात, त्यांच्या वतीने इकडे आमचा हॉल घाबरतो. गाझात तर शाळाच उरल्या नाहीत. इकडे त्याची बातमी लागली की लोक 'सो सॅड' म्हणतात आणि ग्रोसरीला जातात. मीही गेलेली आहे. आणि त्या मुलांनी विचारलेल्या प्रश्नाला उद्या काय उत्तर जाणार होतं? होय, आमचीही पाडली. फक्त इथे बुलडोझर नव्हता, हात वर केले.

मकावनच्या सिग्नलपुढे सूर्य आमच्या पाठीमागे बुडाला. विदादच्या फोनवर अजान वाजली. बसस्टॉपच्या काचेच्या खोपटात आम्ही बसलो. तिने पर्समधून खजुराची पुडी काढली, एक मला दिला.

"तुझा चंद्र?"

"अजून वेळ आहे. पण खजूर उपासाला चालतो."

"तुमचा देव समजूतदार आहे," ती म्हणाली. मग डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली आणि मीही मनातल्या मनात गणपतीला म्हटलं, विघ्नहर्ता म्हणवतोस ना, मग हे काय चाललंय?

खजूर खाल्ल्यावर तिच्या आवाजातला करकरीतपणा जरा कमी झाला. पाणी प्यायली. मग म्हणाली, "मीटिंगमध्ये तू म्हणालीस, नावात गाव आहे. ते कसं?"

मी सांगितलं. गावाला 'कर' लावायचं. मंगरूळचा तो मंगरूळकर. गाव सुटलं तरी नाव सुटत नाही. मंगरूळला आता आमचं कुणी नाही. माझे मिस्टर चारुदत्त तिथे आयुष्यात दोनदा गेलेत.

"म्हणजे ते नवऱ्याचं गाव. तुझं?"

"वालूर."

"वालूर," तिने म्हणून बघितलं. तिच्या तोंडात ते जरा जड झालं, पण बरोबर आलं. "तुम्ही लोक हजेरी अंगावर घेऊन फिरता. आणि तो माणूस, त्याच्या नावात गाव, आणि माझ्या मुलांचं गाव काढायला हात वर करतो."

मी मान खाली घातली. तो माझा माणूस होता ना.

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. विदादने त्याला हातानेच 'जा' म्हटलं. बस गेली.

"उद्या दहा वाजता," ती म्हणाली, "मी हॉलच्या पायऱ्यांवर हजेरी घेणार. बाहेर. थंडी आहे, मुलांना टोप्या घालून यायला सांगते. मोठ्या अक्षरात शाळेचं नाव लिहून आणते, वेशीवरून वाचता येईल असं. पायऱ्या कुणाच्या ते बोर्डाने ठरवावं. हनानचा आवाज येईल तेव्हा माझा जाईल. एकही शनिवार मोडणार नाही."

"मी येते," मी म्हटलं. "सगळ्यांना घेऊन येते. टाळ घेऊन येतो."

"टाळ नको." तिने माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता. "सुनंदा, माझं एक काम कर. बाजूला उभी राहू नकोस. मुलांच्या लायनीत उभी राहा. मी तुझं नाव घेईन तेव्हा तू वालूर सांग. ओरडून सांग, तिकडे ऐकू गेलं पाहिजे. तुझ्या मैत्रिणींनाही विचारेन, त्यांनीही सांगावं. आणि त्या दर्यापूरकरला घेऊन ये. त्याला म्हणावं, भाषण नको, माफी नको, हात वर करायची पण गरज नाही. मी त्याचं नाव घेईन. त्याने फक्त आपलं गाव सांगायचं. एवढं करशील?"